नवमीचं जेवण

त्या काळात मी मेलेल्या माणसांच्या जिवावर जगत होतो. कुणाचा बाप जाई, कुणाची आई जाई, आणि टिकलीएवढ्या फोटोवरून त्यांचं भिंतीवर टांगण्याजोगं तैलचित्र करून द्यायला मी हजर होई. काम सोपं होतं. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच पण मोठे आखायचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. त्याला कला लागत नाही, बूड टेकून बसण्याची ताकद लागते. मुंबईच्या चित्रशाळेत मी दोन वर्षं काढली होती. तिथल्या मास्तरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर माझं चित्र उचलून धरलं आणि म्हणाले, "हात छान आहे, पण नक्कल करणाऱ्याचा आहे." मी रागानं शाळा सोडली आणि पुढची बारा वर्षं पेण, उरण, अलिबाग, पनवेल असा हिंडत त्यांचं म्हणणं खरं करत बसलो.

या धंद्यात सुख एकच, ते म्हणजे जेवण. जिथं काम तिथं मुक्काम, आणि मुक्काम आहे तोवर दोन्ही वेळचं पान त्या घरचं, असा रिवाज होता. गेलेल्या माणसाचं चित्र काढणाऱ्याला लोक हात आखडून वाढत नाहीत. मी घाटावरचा, ज्वारीच्या भाकरीवर पोसलेला. सुरुवातीला भाताच्या ढिगाऱ्यापुढे बसलो की पोट भरल्यासारखंच वाटत नसे. मग हळूहळू जीभ बाटली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. गावांची नावं मला अजून जेवणावरूनच आठवतात, चित्रांवरून नाही, आणि यात चित्रांची काय लायकी होती तेही आलं.

चिरनेरच्या एका शेतकऱ्याकडे बापाचा फोटो होता तो जत्रेतल्या घोळक्याचा. म्हातारा मागच्या रांगेत, अर्धं तोंड पुढच्याच्या पागोट्याआड. मी म्हटलं, उरलेलं अर्धं मी कुठून आणू? तो हसत सुटला. "बापूस काय दोन नमुन्याचा होता? या बाजूला हाय तसाच त्या बाजूला काढा. आमी काय नावं ठेवनार नाय." तसंच काढलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं शेतावर पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला आणि मडकं फोडून माझ्यापुढे ओतलं. इतकं खाल्लं की उठता येईना. तो माणूस माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक. बाकीच्यांना चित्र हुबेहूब हवं असे.

पनवेलचं ते काम आलं तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि नुकत्याच गौरी गेल्या होत्या. भाताच्या गिरणीचे एक मालक, तळ्याकाठी नवं दोन मजली घर. पहिली बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कपाळाचं कुंकू शाबूत असताना गेलेली, म्हणून तिचं श्राद्ध पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला. त्या दिवशी चित्र भिंतीवर पाहिजे, हार घालायला. मी म्हटलं, फोटो द्या. मालकांनी आईकडे पाहिलं, आई माझ्याकडे. फोटो नव्हताच. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणून सासूनं सुनेला कधी कॅमेऱ्यासमोर उभं केलं नव्हतं. एवढं जपूनही ती तापानं गेली.

मग वर्णन सुरू झालं. सासू म्हणाली, गोरी होती, केतकीसारखी. मालकांची बहीण म्हणाली, केतकी कसली, सावळी होती, पण तरतरीत. नाक एकीनं सरळ सांगितलं, दुसरीनं किंचित बसकं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "चांगलीच होती हो दिसायला." त्यावर मी काय कपाळ रंगवणार? शेवटी सासूनंच तोड काढली. मालकांची दुसरी बायको ही पहिलीची सख्खी धाकटी बहीण. पोरांना सावत्रपणा नको म्हणून तीच करून आणलेली. "हिला बसवा समोर," सासू म्हणाली, "थोरलीचाच साचा आहे."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बारा वर्षांत माझ्यासमोर जिवंत माणूस कुणी बसवलं नव्हतं.

माडीवर उत्तरेच्या खिडकीशी ती बसली. अठ्ठावीस-तीसची असेल. थोरलीचा हिरवा शालू, थोरलीची नथ. गळ्यात मंगळसूत्राबरोबर सोन्याचा एक छोटा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती उठवलेली. सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं गळ्यात बांधायचा, म्हणजे आधीचीचा आत्मा शांत राहतो, तिला छळत नाही. पहिल्या दिवशी मी तोही रेखाटला. सासू शेजारी वाती वळत राखण करत होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "थोरलीच्या गळ्यात थोरलीचाच टाक कसा? काढ गं तो." सुनेचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. लग्नापासून तो कधी उतरवला नव्हता, म्हणाली. सासूनं स्वतः उठून गाठ सोडली.

घरात सगळे तिला धाकटी म्हणत, मी वहिनी म्हणायचो. जेवायला तीच वाढायची. गौरी गेल्या तसे घरात पुन्हा मासे शिजू लागले होते. खाडीतला जिताडा तिनं आमसुलं घालून असा केला होता, की मी त्या दिवशी दुपारी कामच केलं नाही. पौर्णिमेनंतर पितृपंधरवडा लागला आणि मासे बंद झाले, तर चौथ्या पाचव्या दिवशी पानात ज्वारीची भाकरी. काठ फाटलेली, मध्ये जाड. कोकणातल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा थापलेली. "बाजारात ज्वारी मिळाली," ती म्हणाली. "जमली नाही, पण तुम्हाला घरचं वाटेल." मला घर असं राहिलेलं नव्हतं. आई गेल्यापासून माझ्यासाठी म्हणून कुणी काही थापलं नव्हतं. ती भाकरी मी चवीनं खाल्ली, पण नीट कौतुकही केलं नाही. लाज वाटली.

मालक एका संध्याकाळी मला बंदरावर फिरायला घेऊन गेले. भरती होती, नारळी पौर्णिमेनंतर मालाचे पडाव पुन्हा धक्क्याला लागायला लागले होते, आणि कडेच्या हॉटेलात गरम भजी मिळाली. खाता खाता ते एकदम म्हणाले, "खरं सांगू? मला तिचा चेहराच आठवत नाही. सोळा वर्षं संसार झाला. पाठ आठवते. चुलीपुढे बसलेली पाठ." माणूस वाईट नव्हता. भज्यांची पुडी त्यांनी घरी सगळ्यांसाठी बांधून घेतली. पण मला तेव्हाच वाटलं की या माणसाला चित्र बायकोचं नको आहे, विसरल्याची टोचणी घालवायला हवं आहे.

चित्र मात्र चढत होतं. चौकोन नाहीत, पट्टी नाही, समोर माणूस आणि त्याच्यावर पडलेला ओला, करडा उजेड. तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, खालचा ओठ बोलण्याआधी किंचित आत जाई. मला ते सगळं दिसत होतं आणि हातातून उतरत होतं. मास्तरांना इथं आणून उभं करावंसं वाटे. भादव्याच्या दमट हवेत रंग वाळता वाळत नव्हता, पण मला घाई नव्हती.

षष्ठीला सासू देवळात गेली होती. मी जेवत होतो. वहिनी ताक घेऊन आली, वाढून झालं तरी उभीच राहिली. मग म्हणाली, "भाऊ, एक मागू? नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, "मागा की."

"तिचं सगळं मी घेतलं. तिचा नवरा, तिची मुलं, तिची लुगडी. तिचा टाक गळ्यात बांधून फिरते. हे तर मला कितीदा तिच्याच नावानं हाक मारतात, मी ओ देते. कुरकुर केली नाही कधी. चेहरा तेवढा माझा आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या चित्राला हार घालणार. दरवर्षी मीच त्याच्यापुढे पान वाढणार. मी अजून जिवंत आहे, भाऊ. नाक बदला, डोळे बदला, कुणाचंही तोंड काढा. आठवतंय कुणाला? तुम्ही काढाल ती थोरली."

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. कुणालाही आठवत नव्हतं. चिरनेरच्या म्हाताऱ्याचं अर्धं तोंड मी हवेतून काढलं होतं, हे एक पूर्ण काढायला काय जात होतं? मी म्हटलं, "बदलतो. काळजी करू नका." अगदी मनापासून म्हटलं. ती हसली आणि न विचारता पानात आणखी भात वाढला.

दुपारी वर गेलो. रंग ओला होता. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं, चार फटकारे, की चेहरा गेला असता, आणि दुसरा काढायला तीन दिवस हातात होते. नंतर कितीदा तरी मी मित्रांना सांगितलं आहे, की मी फडकं उचललं होतं, हात थरथरला, होईना. ते खोटं आहे. मी फडकं उचललंच नाही. खुर्ची लांब ओढून मी दिवेलागणीपर्यंत ते चित्र बघत बसलो होतो. एवढं चांगलं मी आधी कधी काढलं नव्हतं आणि पुढेही काढणार नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी भुवईतला व्रण तेवढा बुजवला आणि मनाला सांगितलं, बदललं की. तिला वर येऊ दिलं नाही. आता बसायची गरज नाही, म्हणालो. तिनं त्याचा अर्थ चांगला घेतला. त्या दोन दिवसांत तिच्या हातची भाकरी पातळ व्हायला लागली होती.

नवमीला सकाळी चित्र खाली आणून ओटीवरच्या भिंतीला लावलं. माणसं जमली होती. सासूनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून ती जी रडायला लागली ती थांबेना. "माझी थोरली! अगदी समोर उभी राहिली हो!" नणंद म्हणाली, नाक आता आठवलं, सरळच होतं. मालकांनी हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी त्यांना बायको आठवली होती. ती खरी मेलेली बाई, गोरी की सावळी कोण जाणे, त्या घरातून कायमची पुसली गेली ती त्या सकाळी. मी एका चित्रात दोघींना संपवलं. लोक माझी पाठ थोपटत होते आणि मला, हे लिहिताना लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं.

वहिनी स्वयंपाकघरातून सगळ्यात शेवटी आली. हातात नैवेद्याचं पान होतं. दारातच तिची नजर वर गेली. ती फारशी थबकली नाही. पुढे होऊन तिनं पान चित्राखाली ठेवलं, पाण्याचं बोट फिरवलं, हार घालायला हात पुरेना तर पाटावर चढून घातला. मग वाकून नमस्कार केला. तिला तो करावाच लागला. मागे सगळं घर उभं होतं.

मग पंगत बसली. मला मालकांच्या शेजारचं पान, मानाचं. वडे, खीर, अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. वाढायला तीच होती. पहिल्या फेरीत माझ्या पानात तिनं सगळं जिथल्या तिथं वाढलं. मी मान खाली घालून कालवत होतो, पण घास उचलवत नव्हता. खीर घेऊन ती दुसऱ्यांदा आली, माझ्यापुढे वाकली, आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाजताय काय, भाऊ? पोटभर जेवा. माझंच श्राद्ध आहे."

मालकांना एवढंच दिसलं की मी थांबलोय. "वाढ त्यांना, अजून वाढ," ते म्हणाले. तिनं वाटी काठोकाठ भरली. मी नको म्हटलं नाही. वडा मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला. खीर फार चांगली झाली होती.