सहा वाजताचे भाऊ

भाऊ कॅमेऱ्यात कधी बघायचेच नाहीत. त्यांचे ते व्हिडिओ अजून मोबाइलवर सापडतात, काढून बघा हवं तर. आधी दोन्ही हात जोडतात, मास्क हनुवटीखाली ओढतात, घसा खाकरतात आणि लेन्सच्या वीतभर खाली नजर लावून विचारतात, "ऐकू येऊन राहिलं ना गा?" तुम्हाला वाटेल, आमदार जनतेला विचारताहेत. अहो, कसली जनता! तिथे खाली, फरशीवर मांडी घालून मी बसलेलो असायचो.

मी लग्नाची शूटिंग करणारा माणूस. लकडगंजच्या पुढे आमची वस्ती आणि गल्लीच्या तोंडाशीच भाऊंचं घर. कोरोनात लग्नं बंद पडली, माझा कॅमेरा कपाटात गेला आणि मी घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागलो. अशात भाऊंचा फोन आला. हळूहळू बाजार उघडणार होता आणि रोज नवा नियम निघत होता. मोबाइलवर अफवांचा नुसता धुरळा. म्हणून रोज संध्याकाळी सहाला आपण लाइव्ह बोलायचं, काय उघडलं, काय बंद आहे ते लोकांना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. मैदानभर माणसांसमोर कागदाशिवाय तासभर बोलणारा हा गडी लेन्ससमोर पार मुका झाला. दोनदा हात जोडले, दोनदा पाणी प्याले आणि शेवटी वैतागून मला म्हणाले, "याच्याशी का बोलू गा? हा तं मानही हलवत नाही." मग मीच कॅमेऱ्याखाली जाऊन बसलो आणि मान हलवली. झालं! भाऊंची गाडी जी सुटली ती पाऊण तास थांबली नाही.

तेव्हापासून मान हलवणं हेच माझं मुख्य काम होऊन बसलं. दर वाक्याला हलवायची. कधी डास चावला, लक्ष गेलं, मान राहिली, की भाऊ थांबायचे. "समजलं नाही वाटते," म्हणायचे आणि तोच नियम पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. त्यांच्या व्हिडिओत काही गोष्टी तीन-तीनदा येतात, त्याचं कारण सरकार नाही, डास आहेत. भाऊ खाली कोणाकडे पाहून राहिले, असं लोक कमेंटमध्ये विचारायचे. एका बाईंनी लिहिलं की कागद ठेवला असेल. आता सांगा, मी काय कागद आहे?

भाऊंचं घर विणकराचं. बाहेरच्या मोठ्या खोलीत त्यांच्या वडिलांचा माग होता. माग गेला, तिथे बाकं आली आणि पुढे तीच खोली आमदारांचं ऑफिस झाली. कोरोनाआधी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. काहींचं काम असायचं, पण निम्मे नुसतेच येऊन बसलेले. पेपर वाचायचे, भांडायचे, चहा ढोसायचे. हे सगळं मतांसाठी चाललंय, असं मलाही वाटायचं. पण वहिनी वारल्या होत्या आणि मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. भाऊंना एकट्यानं चहा जात नव्हता, इतकी साधी गोष्ट होती ती. हे त्यांनीच मला एकदा ट्रायपॉड आवरताना सांगितलं आणि लगेच पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायला लागले.

आणि याच माणसाला टाळेबंदीत स्वतःच्या हातानं फाटक लावावं लागलं होतं. येऊ नका, घरी राहा, काय असेल ते मेसेज करा, असं ते रोज सांगायचे. इतक्या मायेनं सांगायचे की लोकांनी ऐकलं.

एकेक गोष्ट उघडू लागली तशी भाऊंना तरतरी आली. नवीन काही उघडलं की घरात बारसं असल्यासारखं सांगायचे. सलूनं उघडली त्या दिवशी त्यांनी लाइव्हवर टोपी काढली आणि स्वतःच कात्री चालवून मागच्या बाजूला जे काय करून ठेवलं होतं, ते वळून सगळ्यांना दाखवलं. "आता तरी जा गा सलूनमंदी," म्हणाले, "नाहीतर असे दिसान." त्या दिवशी हसण्याच्या चित्रांनी कमेंटचा नुसता पाऊस पडला. भाऊ ती चित्रं बोटानं सरकवत बसले. हसतात तर सगळे, म्हणाले, पण आवाज कुठे येतो!

मग तो डाव्या हाताचा घोळ झाला. नियम असा निघाला की रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस उघडतील, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कागदावर पूर्व-पश्चिम लिहिलेलं होतं. भाऊंना वाटलं, लोकांना पूर्व-पश्चिम काय कळणार, आपण सोपं करून सांगू. त्यांनी सांगितलं, आपल्या बाजार गल्लीत उद्या डाव्या हाताची दुकानं. मीही बैलासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन्ही बाजू उघड्या! चौकातून येणाऱ्याचा डावा हात वेगळा आणि नाल्याकडून येणाऱ्याचा वेगळा, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. महापालिकेचं पथक आलं, शटरं ओढायला लागलं, आरडाओरडा झाला.

भाऊ तसेच चपला घालून धावले. गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि एकेका दुकानदाराला हात जोडून म्हणाले, "माह्या घरून निघालं का जो डावा हात येते ना, तो. बाकीच्या डाव्या हाताचं मले माहीतच नाही गा." आता यावर कोण चिडणार? पथकातले लोकही हसू दाबत होते. दुकानदारांनी मास्कआडून भाऊंना यथेच्छ शिव्या घातल्या, कोणी पाणी आणून दिलं, एका म्हातारीनं नातीचं लग्न ठरल्याचं तिथेच सांगून टाकलं. घरी परतताना भाऊ घामानं निथळत होते आणि चेहरा असा फुललेला, की मला शंका आली, हा माणूस उद्या मुद्दाम उजव्या हाताचा घोळ घालतो की काय.

शेवटी ऑफिसं उघडायला परवानगी आली. भाऊंनी लाइव्हवर दोनदा सांगितलं की उद्यापासून फाटक उघडं आहे. सकाळी मी मजा बघायला गेलो. बाकं पुसून अंतरानं मांडलेली, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चहा उकळत ठेवलेला. लोक आले, नाही असं नाही. पण फाटकापाशीच थांबले. मास्कमधून दोन वाक्यं बोलले आणि निघाले. भाऊ म्हणायचे, आत या, बसा. ते म्हणायचे, राहू द्या भाऊ, मेसेज टाकतो.

तोंडावर कोणी वाईट वागलं नाही. आदर होताच. फक्त बसणं राहिलं नव्हतं लोकांमध्ये. भीती गेल्यावरही ते परत आलं नाही. मोबाइलवर काम होतंय, तर कशाला चपला घालायच्या! एका दुपारी गंजातला चहा मोरीत ओतताना भाऊ मला म्हणाले, "माह्यंच ऐकलं ना गा लोकाइनं. राग कोणाचा करू?" मी नुसती मान हलवली आणि माझीच मला लाज वाटली.

एक दिवस सांगायलाच काही उरलं नाही. दुकानं, बागा, देवळं, शाळा, सगळं उघडलं होतं. भाऊ म्हणाले, आज शेवटचं करू. सगळं उघडलं हे सांगायला किती वेळ लागतो? पण ते थांबेनात. संत्र्याच्या बहारावर बोलले, भिवापूरच्या मिरचीच्या ठसक्यावर बोलले, वडिलांच्या मागाचा खटखटाट तोंडानं काढून दाखवला. बघणारे एकेक करून कमी होत गेले. मी आवाज नीट जातोय का ते पाहायला माझ्या मोबाइलवर तेच लाइव्ह लावून ठेवायचो. आकडा एकावर आला, तेव्हा तो एक म्हणजे मीच होतो.

"हायेत ना गा अजून?" भाऊंनी विचारलं.

"हायेत, भाऊ," मी म्हणालो.

मग त्यांनी पहिल्यांदाच सरळ लेन्समध्ये पाहिलं. म्हणाले, "काम नसलं तरी येत जा." आणि हात जोडले. मला बटण दाबायला बोट सापडेना.

पुढे निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला मिळालं. उरलेसुरले मेसेजही थांबले. मी जायचो मधून मधून. काही काम नसायचं. आम्ही चहा घ्यायचो, ते मला लग्नसराईचं विचारायचे, मी हॉलवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचो. आणखीही दोघं-चौघं यायचे म्हणा, पण ती खोली मोठी होती. दोघा-चौघांनी ती जास्तच रिकामी वाटायची.

गेल्या मे महिन्यात भाऊ गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. संध्याकाळी न्यायचं ठरलं. भाऊंना बाहेरच्या खोलीतच ठेवलं होतं. बाहेर उन्हाचा असा तडाखा की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मुलगी, जावई, जुने काही कार्यकर्ते, एवढेच आम्ही. एक कार्यकर्ता मला म्हणाला की लाइव्ह सुरू कर, लोकांना घरबसल्या दर्शन होईल.

घरबसल्या! तरी मी सुरू केलं. आकडा भराभर चढला. जोडलेले हात, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मी नावं वाचत गेलो. आमच्याच गल्लीतली निम्मी. समोरच्या घरातल्या माणसानं गुलाबाचं चित्र पाठवलं होतं आणि त्याच्या कूलरची घरघर मला इथे ऐकू येत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोबाइल उलटा फिरवला. जन्मभर दुसऱ्यांची शूटिंग केली, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं तोंड दाखवलं.

"भाऊ घरीच हायेत," मी म्हणालो. "पाच वाजेपर्यंत. उठा अन् या." आणि लाइव्ह बंद करून टाकलं.

कार्यकर्ते माझ्यावर खेकसले. जरा वेळानं समोरचा कूलर थांबला. दार उघडलं आणि तो माणूस डोक्यावर दुपट्टा घेऊन, खाली बघत रस्ता ओलांडून आला. त्याच्या मागून त्याची बायको आली. मग शेजारचे, मग बाजार गल्लीतले दुकानदार. हात जोडून झाले तरी कोणी निघेना. बाकं भरली, पायऱ्या भरल्या, बाया फरशीवर भिंतीला टेकल्या. कोणीतरी डाव्या हाताचा किस्सा काढला, कोणी रडलं, कोणी कोणाला सरकून जागा दिली.

मी भाऊंच्या उशाशी उभा होतो. राहवलं नाही. वाकलो आणि त्यांच्या कानाशी सांगितलं, "भाऊ, लोक आले. बसले हायेत."