जोडपानातून कापलेली बाई

धम्मशीला सेलूच्या एका छापखान्यात संगणकावर पानं लावते. लग्नपत्रिका, जयंतीचे फ्लेक्स, दुकानांची बिलबुकं, हे तिचं रोजचं काम. परभणीचे निवृत्त संगीतशिक्षक भगवानराव गाण्याबजावण्यावरचं एक छोटं त्रैमासिक काढतात. त्याचं काम छापखान्यात आलं तेव्हा तिला वाटलं, आता आपलं पान लोक नुसतं वाचणार नाहीत, बघतीलही.

एका अंकात येलदरीकडच्या सरजाबाईंवर लेख होता. गावोगाव भीमगीतं गाण्यात त्यांचं वय गेलेलं. सोबतच्या फोटोत दोघी होत्या. पुढं हात उंचावून गाणाऱ्या सरजाबाई आणि त्यांच्या खांद्यामागं टाळ धरलेल्या बायनाबाई. बायनाबाई पहिल्यापासून सरजाबाईंच्या मागं ध्रुपदाची झील धरायच्या, एवढी एक ओळ त्यांच्यावर होती.

धम्मशीलानं समोरासमोरच्या दोन पानांचं जोडपान करून फोटो त्यावर पसरला. मथळ्याला मात्र जागा मिळेना. तिनं मागची बाई काढली, तिथं काळा रंग भरला आणि त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं बसवली. पान एकदम उठून दिसायला लागलं. मग रकाना एका ओळीनं लांबतोय असं दिसल्यावर बायनाबाईंची ती ओळही तिनं काढून टाकली. भगवानरावांना विचारलं नाही. एका ओळीनं काय बिघडतं, असं तिला वाटलं.

त्रैमासिकाच्या वर्धापनदिनी परभणीत कार्यक्रम झाला. नांदेडहून आलेल्या एका चित्रकला शिक्षकांनी ते जोडपान पडद्यावर दाखवून समजावून सांगितलं. काळ्या रिकाम्या जागेमुळं नजर थेट गाणाऱ्या तोंडाकडं जाते, तिथून मथळ्याकडं आणि मग खाली मजकुरात उतरते, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. धम्मशीलाला वर बोलावलं. तीही भरभरून बोलली, जागा मोकळी सोडायलाही धीर लागतो वगैरे.

पहिल्या रांगेतून सरजाबाईंनी विचारलं, "बाई, आमची बायना कुठं गेली?"

"मथळ्याला जागा लागत होती," धम्मशीला म्हणाली. माईकमधून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. कुणीतरी हसलं.

तेव्हा तिला दिसलं, सरजाबाईंच्या शेजारी एक म्हातारी मांडीवर अंक उघडून बसली होती. ती वर बघत नव्हती. काळ्या भागावरून बोट फिरवत होती, छपाईत काही राहून गेलंय का ते चाचपावं तसं. पुढं धम्मशीलाला शाल दिली, तिनं ती घेतली, खाली उतरली आणि मागच्या दारानं सरळ बसस्टँडवर गेली. त्या म्हातारीजवळ जायची तिची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं ते जोडपान नव्यानं लावलं. बायनाबाईंना परत आणलं, पहिल्यापेक्षा मोठं करून, जवळजवळ सरजाबाईंच्या बरोबरीनं. रंगीत प्रिंट काढली आणि जिंतूरला बस बदलून बायनाबाईंच्या गावात गेली. बायनाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ बघितला.

"मी एवढी पुढं कधी बसले गं माय? मी मागंच बसत असते."

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलं खरं," बायनाबाई म्हणाल्या. "नातसुनेला अंक दाखवायला नेला होता मी. ती म्हणली, आजी, यात तुमी न्हाईत."

त्यांनी चहा केला. धम्मशीलानं तो बशीकडं बघतच प्यायला. मूळ फोटो होता तसाच आणून देते, एवढंच तिला बोलता आलं. बायनाबाई बरं म्हणाल्या आणि पुन्हा तुरीला लागल्या.

परतल्यावर तिनं भगवानरावांना सगळं सांगितलं, काढलेल्या ओळीचंसुद्धा. ते रागावले नाहीत, पुढच्या अंकात जागा कुठं आहे ते बघायला लागले, आणि ते तिला जास्त लागलं. पुढच्या अंकात अख्खा फोटो छापला, दोघींची नावं घालून. पण जागा शेवटच्या पानावर, एका जाहिरातीखालीच मिळाली. मूळ फोटोची प्रत घेऊन ती पुन्हा गावात गेली, तेव्हा बायनाबाई घरी नव्हत्या. तिनं ती शेजारणीकडं ठेवली.

छापखान्याच्या मालकानं ते काळं जोडपान काचेत घालून काउंटरमागं लावलंय. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे कुणी केलं? मालक धम्मशीलाकडं बोट दाखवतो. ती हो म्हणून मान हलवते आणि पत्रिकेचा मजकूर मागून घेते.