कोरडं वल्हं
रॉकेलचा वास आला की मला तापीकाठच्या प्रकाशा गावाचा घाट आठवतो. दुसऱ्या मोठ्या लढाईआधीची गोष्ट, माझं नुकतंच लग्न झालेलं. सासरे तापीवर नाव चालवायचे आणि नावेत झिरपलेलं पाणी मी उपसायचे. तळोद्याच्या एका शेठनं यात्रेकरूंसाठी रॉकेलवर चालणारी मोटरबोट आणली. नारळ फोडून ती पाण्यात ढकलली, पण काठाच्या दगडांवर तिचा पंखा आपटेल म्हणून आमच्या नावेनं ती खोल पाण्यापर्यंत ओढून न्यायचं ठरलं. सासऱ्यांनी आधी बोटीला हात न लावता नुसता वास घेतला, मग तिला नावेशी दोर बांधला आणि शेजारी कोयता ठेवला. "कोयता कसाले, आबा?" मी पदराआडून विचारलं. "नवं जनावर शे. आपलेच वढाले लागनं ते दोर कापता येवाले जोयजे." धारेत पोचताच मोटर धडधडली, बोट आम्हाला मागे टाकून सुटली, दोर ताणला गेला आणि आमचीच नाव तिच्यामागे फरफटू लागली. आबांनी कोयता उचलला. बोटीतून शेठ ओरडायला लागले. आबांनी वल्हं न मारताच झपाट्यानं जवळ येणारा पलीकडचा काठ पाहिला आणि कोयता खाली ठेवला. "आते कापीसन काय उपेग?" एवढंच म्हणाले. वल्हं त्यांच्या मांडीवर आडवं होतं, आणि भर नदीत ते वाळत चाललेलं मला अजून दिसतं.