चढावरचा हात

आमच्या उंब्रजकडे ऊसतोडीच्या दिवसांत चढाला बैलगाडी अडली, की येणाऱ्या-जाणाऱ्याने मागून हात लावायचा, ही रीत आहे. गाडी कुणाची हे विचारायचं नाही. माझे मालक फौजेतून सुभेदार होऊन परतले, तरी त्यांनी ही रीत सोडली नाही. पांढऱ्याशुभ्र शर्टाला चिखल लावून हे घरी यायचे आणि धुणं माझ्या वाट्याला.

याच रितीने गेल्या वर्षी घात केला.

माझी सून शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आधी धरणात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशी ट्रायथलॉन नावाची दिवसभराची शर्यत तिने मनावर घेतली. वर्षभर घरातलं आवरून सराव केला. शर्यतीच्या दिवशी मेढ्याजवळच्या चढावर ती घामाघूम होऊन सायकल रेटत आली, तशी ह्यांनी मागून सीटला हात लावून तिला चार पावलं ढकललं. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरच्याची मदत झाली की स्पर्धक बाद, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? पंचाने तर पाहिलंही नव्हतं. तिनेच पुढच्या वळणावर थांबून त्याला सांगितलं, "सासऱ्यांनी हात लावला." आणि सायकल ढकलत परत आली. घरी आल्यावर ती नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. हे मात्र जेवले नाहीत. "उभी नोकरी शिस्तीत काढली, आन् पोरीच्या तोंडचा घास म्याच काढला," एवढंच म्हणाले.

यंदा हे येणारच नव्हते. पण सून हट्टाला पेटली. "आबा, तुम्ही त्याच चढावर उभे राहणार असाल, तरच मी पाण्यात उतरेन."

सकाळी धरणावर सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या. मी प्रत्येक डोक्याला आपलीच समजून हाका मारत होते. ती पाण्यातून कधी निघून सायकलवर बसली, मला कळलंही नाही. मग आम्ही चढ गाठला. हे रस्त्याच्या कडेला दोन्ही हात पाठीमागे बांधून, छाती काढून उभे. जणू परेडच चालली होती.

ती आली, आणि नेमकी आमच्यासमोर सायकलची चेन पडली. चढाच्या माथ्यावरची शर्यतीची चौकी ठरल्या वेळेला बंद होणार होती; त्याआधी पोचली नाही तर यंदाही बाद. रस्त्यावरची माणसं धावली. हे आडवे आले.

"कुणी हात लावायचा न्हाई. मागं सरा."

"आवं, पोरगी अडलीय," एक म्हातारा म्हणाला.

"अडू द्या. काढंल तिची ती."

मी मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. पाठीमागे ह्यांची बोटं आपोआप, हवेतच चेन बसवत होती. घरी तिची सायकल हेच दुरुस्त करतात ना. आणि समोर तिची बोटं तेच करत होती, ग्रीसने काळी झालेली. एकदा निसटली, पुन्हा बसवली. मग तिने तोंडावरचा घाम त्याच हातांनी पुसला, गाल काळे करून घेतले आणि निघाली. ती वळणाआड गेली तरी ह्यांचे हात सुटले नव्हते.

"आवं, सोडा आता," मी म्हटलं.

ती चौकीवर वेळेत पोचली. साताऱ्यात शर्यत संपली तिथे ती संध्याकाळी लंगडत आली. कितवी, ते मी विचारलंच नाही. वेळ संपायच्या आत आली, गळ्यात पदक पडलं. शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, ही आमची सून. न विचारणाऱ्यालाही सांगितलं. मला एवढा अभिमान मुलाच्या लग्नातही वाटला नव्हता.

ती ह्यांच्या पाया पडायला गेली, पण गुडघे वाकेनात. "ऱ्हाऊ दे, पोरी," म्हणून हे दोन पावलं मागे सरले, हात पुन्हा पाठीमागे.

आमची जीप थोड्या चढावर लावली होती. तिथवर जाताना ती मध्येच थांबली.

"आबा, शर्यत संपली. आता लावा हात."

ह्यांनी तिच्या पाठीवर तळवा टेकवला. जीपपर्यंत हे रडत होते, पण हात काढला नाही.