धुऊन टाकलेलं दुखणं

माझी मामी लॉन्ड्रीत डाग काढायची. शाई, गंज, रक्त, काहीही असो, तिच्या हाताखालून गेलेल्या कापडावर भिंग लावलं तरी काही सापडायचं नाही. हेच कौशल्य तिच्या मुळावर आलं.

पाळी थांबायच्या वयात तिला भलताच रक्तस्राव सुरू झाला. जरा थांबायचा, पुन्हा सुरू. सगळ्यांच्या आधी उठून ती चादर थंड पाण्यात टाकायची, साबण चोळायची आणि घर जागं व्हायच्या आत वाळत घालायची. आपल्याच घरात डाग दिसला तर धंद्याची लाज जाईल, असं तिला वाटायचं. मग दमून बसली आणि रक्त फार जातंय म्हणाली की मामा विचारायचे, "कुठंय रक्त? मला तर काही दिसत नाही." मामा म्हणजे स्वतःला साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. "या वयात बायकांचं असंच असतं," हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. बायकांच्या वयाचा एवढा अभ्यास त्यांनी कधी केला, देव जाणे.

शेवटी मामी कामावरच कोसळली. लॉन्ड्रीच्या मालकिणीने तिला दवाखान्यात नेलं. अंगात रक्तच उरलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी अस्तराचा तुकडा तपासू. कॅन्सर आहे की नाही ते कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही."

"तुकडा कशाला? पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल!" मागाहून पोचलेले मामा म्हणाले. जणू माळ्यावरची अडगळच काढायची होती.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण दुर्लक्ष केलं असतं तर पुढे होण्याची भीती होती. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयात हार्मोन सोडणारं छोटंसं साधन बसवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायला बजावलं. रक्तस्राव हळूहळू थांबला. मामा पाहुण्यांना सांगू लागले, "मी वेळेवर लक्ष घातलं म्हणून निभावलं!" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तपासणीच्या दिवशी पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "आता थांबलंय ना सगळं? मग कशाला खेटे घालायचे? आणि माझ्या जेवणाचं काय?"

मामीने चपला घातल्या.

"मला अजून जगायचंय," ती म्हणाली. "जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."