मालनमावशींच्या वहीतला उतरलेला आकडा

२४ जुलै २०२४, बुधवार. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी होती. म्हणजे होड्या पाण्यात उतरायला जेमतेम आठवडा उरला होता. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात चाळीस इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार होते. होडीच्या तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप वेळेवर चालू करणे, एवढेच त्यांचे काम. शुक्रवारी सकाळी मढचे हरेश्वर नाखवा ते न्यायला येणार होते.

बोर्डांतला प्रोग्राम ऋतिकाने लिहिला होता. खरे तर आधीचे इंजिनियर सुबोध यांचा जुना प्रोग्राम तिने नव्याने मांडला होता. मुलुंडहून येणाऱ्या या सव्वीस वर्षांच्या मुलीचे हे पहिलेच स्वतंत्र काम. त्यात चूक राहिली असती, तर ती कारखान्यात नव्हे, किनाऱ्यापासून दूर, माणसांनी भरलेल्या होडीत कळली असती.

तो प्रोग्राम केबल लावून एकेका बोर्डात भरण्याचे आणि बोर्ड तपासण्याचे काम मालन परब यांच्याकडे होते. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात रखवालदार झाले. मालन १९९६ मध्ये इथे बोर्डांवर सोल्डरिंगचे डाग द्यायला लागल्या, असे त्या सांगतात. त्या सालचा हजेरीपट मात्र उरलेला नाही. तपासलेल्या बोर्डावरच्या पट्टीवर त्यांची खूण असते ती एका अक्षराची : ‘मा’. प्रोग्राम भरून झाला की पडद्यावर त्याचे आकारमान बाइटमध्ये उमटते. तो आकडा त्या एका लांबट वहीत उतरवत. का, हे त्यांना ठाऊक नव्हते. सुबोधनी सांगितले होते, म्हणून.

“ऋतिका, इकडे ये गं. आकडा उतरलाय.”

“कुठला आकडा, मावशी?”

“चौदा हजार आठशे बासष्ट असायचा. आज चौदा हजार तीनशे अठरा. पाचशे चव्वेचाळीस गेले कुठे?”

ऋतिका हसली. “गेले नाहीत, मी घालवले. सुबोध सरांचा कोड म्हणजे अडगळीचा माळा होता नुसता. आवरला मी.”

“आवरलास ते झकास. पण आवरताना टाकलंस काय, ते बघितलंस का?”

“मावशी, एरर एक नाही, वॉर्निंग एक नाही. तुमच्या टेस्टमध्ये पण बोर्ड पास आहेत ना?”

“आहेत.”

“मग?”

मालनमावशी चिडल्या की मालवणीवर येत. “माका तुझ्यातला कायएक कळणा नाय. पण आकडो उतरलो, ता खरा.”

त्यांची समजूत घालावी म्हणून ऋतिकाने स्टूल ओढले. प्रोग्राम एकच, पण होड्या निरनिराळ्या. एखादीला भोंगा हवा, एखादीला नको. म्हणून एका वेगळ्या फाईलमध्ये सोयींची यादी असते. हवी त्या सोयीपुढे एक, नको तिथे शून्य. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर होण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा एक वाचणारा तो सगळा वाचून काढतो. जिथे ‘हॅश-इफ’ लिहिलेले असेल तिथे तो यादीतले नाव पाहतो. एक असेल तर पुढचा मजकूर ठेवतो, शून्य असेल तर गाळतो.

“म्हणजे बंद करतो?”

“बंद नाही, मावशी. बोर्डात तो जातच नाही.”

मालनमावशी सांगू लागल्या. “आमचे बाबा गावी निघाले की आई गाठोडं बांधायची. यादीत नाही ते आत नाही. गाठोड्याला थोडंच कळतं, आपल्यात काय नाही ते? बाबा नुसतं उचलून सांगायचे, काहीतरी राहिलंय. वजनाला कळतं.” मग त्यांनी विचारले, “आणि यादीच कुणी दिली नाही, तर तुझा तो वाचणारा काय करतो? विचारतो का?”

ऋतिकाला उत्तर ठाऊक होते. तो विचारत नाही. ‘हॅश-इफ’पुढचे नाव त्याला ठाऊक नसेल, तर तो मुकाट्याने ते शून्य धरतो. हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

माळा आवरताना तिने एका फाईलच्या तीन फायली केल्या होत्या. त्यांतल्या दोन फायलींच्या सुरुवातीला यादी जोडलेली होती. तिसरीच्या नव्हती. त्या तिसरीत एकच गोष्ट होती : पाण्याची पातळी सांगणाऱ्या सेन्सरची तार तुटली, तर दर अर्ध्या तासाने पंप दोन मिनिटे आपणहून चालवायचा. ती पूर्ण गळली होती. एका बोर्डाची तपासणी पाच मिनिटांत उरकते. अर्धा तास तिथे कधी येतच नव्हता.

“वाट लागली,” ऋतिका पुटपुटली आणि काय गळले ते तिने पडद्यावरून वाचून दाखवले.

“वाचून सांगू नको. दाखव.”

मालनमावशींनी एका बोर्डाची सेन्सरची तार उपसली आणि वेळ लिहिली : अकरा दहा. अकरा चाळीस झाले, पन्नास झाले. तपासणीसाठी पाण्याच्या बादलीत ठेवलेला पंप ढिम्म. मग ऋतिकाने तिसऱ्या फाईलला यादी जोडली आणि प्रोग्राम पुन्हा भरला. आकडा आला चौदा हजार सातशे नव्वद. पुन्हा तार उपसली, पुन्हा दोघी बसल्या. बरोबर अर्ध्या तासाने बोर्डावर टक् असा आवाज झाला आणि बादलीतले पाणी उसळले.

“म्हणजे खरी आवरासावर बहात्तरची,” मालनमावशींनी वजाबाकी केली. “बाकीचे चारशे बहात्तर तू टाकून दिले होतेस.”

“हो, मावशी.”

तिन्ही फायलींत तिने आणखी एक सूचना घातली : यादी सापडली नाही तर शून्य धरू नकोस, काम थांबव आणि तसे सांग. गुरुवारी संध्याकाळपर्यंत चाळीसही बोर्ड पुन्हा भरून, पुन्हा तपासून झाले.

शुक्रवारी हरेश्वर नाखवा दारातूनच ओरडले, “झाले का गो मालनबाय, का नारली पुनव उलटल्यावर देताव?”

“न्या हो. आज पोरीच्या हुशारीपेक्षा तुमचं नशीब मोठं,” मालनमावशी म्हणाल्या.

त्या गळलेल्या मजकुराशेजारी सुबोधनी एक ओळीचे टिपण ठेवले होते : ‘मढ, १७ ऑगस्ट २०१३’. ऋतिकाने त्याबद्दल नाखवांना विचारले. त्यांनी बराच विचार केला. “सुबोध सायेब बंदरात येऊन बसायचे, विचारीत राह्यचे. पण त्या दिवशी कोणाची होडी, काय झाला, ते मना नाय सांगता यायचा.”

मालनमावशींच्या वहीतली पहिली नोंद २ सप्टेंबर २०१३ ची आहे.

नाखवा गेल्यावर ऋतिकाने त्या टिपणाखाली दुसरी ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली : ‘अंधेरी, २४ जुलै २०२४. मालन परब यांच्यामुळे वाचले.’

“माझं नाव? मशीन वाचणार का ते?”

“नाही. टिपण बोर्डात जातच नाही, आधीच गळतं. ते पुढच्या माणसासाठी असतं.”

“म्हणजे वजन वाढायचं नाही?”

“एका बाइटनेही नाही.”

“मग राहू दे,” म्हणून त्यांनी वही ऋतिकासमोर सरकवली. “आजचा आकडा तू लिही.”

सुबोध सध्या कुठे आहेत, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही. १७ ऑगस्ट २०१३ रोजी मढला काय घडले, आणि आकडा लिहायला त्यांनी त्याच कारणाने सांगितले का, याचा कागद मिळालेला नाही. दोन तारखांमधले सोळा दिवसांचे अंतर हा पुरावा नव्हे. त्या चाळीस बोर्डांपैकी एखाद्याची तार पुढे समुद्रात तुटली का, हेही अजून कळलेले नाही.