दोन कचेऱ्यांचं मनोमिलन

नगरपालिकेत आणि रस्त्यापलीकडच्या शिक्षण मंडळात त्यांना सगळे डिंकराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. या दोन कचेऱ्यांमधून वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता आणि शाळांचा खर्च तर दोघींनी मिळून उचलायचा होता. इमारती पालिकेच्या, शिक्षक मंडळाचे. छप्पर गळलं की मंडळ म्हणे, "इमारत तुमची, तुम्हीच निस्तरा." शिक्षक कमी पडले की पालिका म्हणे, "माणसं तुमची, बघा काय ते." मधल्या मध्ये पालिकेचे हे थोरले कारकून काखेत फायली मारून रस्ता ओलांडत आणि दोन्हीकडे गोड बोलत. "लाजा वाटत नाहीत का त्यांना?" हा निरोप पलीकडे पोचेपर्यंत "साहेबांनी आठवण काढलीय" असा होई.

असं करता करता त्यांचे केस पिकले. डोक्यात वेड एकच, एकदा या दोघांना समोरासमोर बसवायचं. माणसानं आयुष्याकडे काय मागावं याला काही धरबंध? लोक बंगला मागतात, यांनी कचेऱ्यांचं मनोमिलन मागितलं.

त्याला घरचंही कारण होतं. धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी, कालव्याकाठच्या शाळेत शिकवत असे. दुसऱ्या शाळांनी ज्यांच्यापुढे हात टेकले अशा मुलांचा वर्ग तिच्याकडे होता. एक मुलगी तर वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. एके दिवशी खिडकीतून कावळा आत आला आणि ती किंचाळली, "बाई, माझी पेन्सिल नेतोय तो!" हे घरी सांगताना बहीण रडली, तिची वहिनी रडली, आणि डिंकराव उगाचच चष्मा पुसत बसले.

या वर्गावरचं छप्पर कुजलं होतं. बाकं सगळी एका कोपऱ्यात रेटलेली, दुसऱ्या कोपऱ्यात बादल्या. पालिकेच्या इंजिनियरनं बजावून ठेवलं, पुढच्या पावसात या खोलीत मुलं बसवायची नाहीत. दुरुस्तीचा निम्मा पैसा पालिकेनं आणि निम्मा मंडळानं द्यायचा, आणि आधी कोणी द्यायचा यावर घोडं अडलेलं.

नवे नगराध्यक्ष आले, मंडळावर नव्या अध्यक्षाबाई आल्या. दोघांचं म्हणणं जुनंच, "आम्ही का जायचं त्यांच्या दारात?" तेव्हा डिंकरावांना युक्ती सुचली. बैठक ना इकडे ना तिकडे, थेट कालव्याकाठच्या शाळेत, त्या गळक्या वर्गातच घ्यायची. कुणाचं नाक खाली होणार नाही आणि छप्परही आपसूक दिसेल. दोघंही तयार झाले. डिंकरावांना आभाळ ठेंगणं झालं.

आदल्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून सगळ्या शाळेला सुट्टी देवविली.

"दादा, अरे पोरांसाठीच येतायत ना ते?" बहीण म्हणाली.

"अगं, आरडाओरडा करतील. तुझा तो एकजण दिसेल त्याचा चष्मा ओढतो. साहेबलोक बिथरले तर छप्पर राहील बाजूलाच."

"मग माझी तेवढी असू देत. गप्प बसवते मी."

"एक दिवस ऐक माझं."

भावाच्या घरी राहणारी बाई, ताणून ताणून किती ताणणार? तिनं ऐकलं. डिंकरावांचं तरी काय चुकलं म्हणा! साहेब येणार म्हटलं की आधी लोकांना बाहेर काढायचं, झाडून पुसून सगळं चिडीचूप करायचं, ही कचेरीची रीत त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. शाळेला पण त्यांनी तीच लावली.

बैठक मात्र अशी रंगली की काही विचारू नका. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली. उठताना नगराध्यक्ष बाकात अडकले. अध्यक्षाबाईंनी हाताला धरून त्यांना ओढून काढलं. दोघंही खो खो हसले आणि इतक्या वर्षांची अढी तिथल्या तिथे सुटली. चहा झाला. मग दोघं बरोबरीनं शाळा बघत फिरले.

"किती शांत आहे हो इथे," बाई म्हणाल्या.

"आणि रस्त्याला लागून," नगराध्यक्ष म्हणाले.

दोन्ही कचेऱ्यांचा पहिला संयुक्त ठराव लवकरच झाला. कालव्याकाठची शाळा बंद. मुलं गावातल्या मोठ्या शाळेत सामावून घ्यायची, इमारत भाड्यानं द्यायची, भाडं संयुक्त शिक्षण निधीत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो तिसरा म्हणजे ही शाळा होती. पालिकेला इमारत हवीशी झाली की मंडळ शिक्षक हलवू देत नसे, मंडळाला तिथले शिक्षक दुसरीकडे हवे झाले की पालिका आडवी येई. आता आडवं यायला कुणी उरलं नव्हतं. डिंकरावांनी हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आणि वर संयुक्त समितीचे सचिव म्हणून त्यांचा सत्कारही झाला.

बहिणीच्या वर्गाबद्दल ठरावात एक ओळ होती: विशेष वर्गाची तरतूद नाही. ती मुलं मोठ्या शाळेत कशी सामावली जाणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. आधी शेवटच्या बाकावर, मग घरी.

"रिकामी शाळा दाखवलीस तू त्यांना," ती म्हणाली. "रिकामी शाळा कोण ठेवील?" आणि तिनं भावाशी बोलणं टाकलं.

डिंकराव कासावीस झाले. शेवटी अध्यक्षाबाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले. नगराध्यक्षही तिथेच होते. हल्ली दोघांचा चहा एकत्र होई.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी सुट्टी मी द्यायला लावली. एरवी शाळा भरलेली असते. तो वर्गसुद्धा."

"अहो, आम्हाला काय माहीत नाही?" बाई अगदी मायेनं म्हणाल्या. "हजेरी दर महिन्याला येते की. त्या वर्गाची तर आम्ही वेगळी चर्चा केली. एवढा खर्च करून त्या मुलांच्या हाती काय लागणार, तुम्हीच सांगा."

"पोरं समोर असती तरी हेच ठरलं असतं," नगराध्यक्ष म्हणाले. "उगाच मनाला लावून घेऊ नका. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला नाही. जिना उतरताना पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं. आपण सुटलो! घरी जाऊन हे एवढंच सांगायचं की बहीण पुन्हा बोलू लागेल. घर जवळ आलं तसे ते कोपऱ्यावर थांबले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? की तुझ्या पोरांचा त्यांनी नीट विचार केला आणि मग ती नको झाली.

बहीण स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. वहिनीकडून तिला कळलं होतं, तो कुठे आणि कशाला गेलाय ते. तिनं त्याच्याकडे मान वळवली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

डिंकराव दाराच्या चौकटीला टेकले.

"म्हणाले, पोरं दिसली असती तर ठराव झालाच नसता."

"मी म्हणत होते," ती म्हणाली. "म्हणत होते ना मी तुला?"

"हो. माझंच चुकलं."

पुढे ती मोठ्या शाळेत रुजू झाली, भावाच्याच घरी राहिली, पण त्याच्याशी पुन्हा धड कधी बोलली नाही. काही हवं-नको असलं तर वहिनीला सांगे. डिंकरावांनी ते निमूटपणे सोसलं. आपली पोरं कुणी एकदा डोळ्यांनी पाहिली असती तर त्यांना नको म्हटलं नसतं, एवढा विश्वास तिच्यापाशी राहिला.